पेन्सिलीतले मंगळवार

आमच्या घरात डायरी एकच होती आणि ती सगळ्यांची मिळून होती. हे सांगितलं की माझ्या मैत्रिणी हसायच्या, कारण त्यांच्या लेखी डायरी म्हणजे उशीखाली लपवून ठेवायची वस्तू. आमची डायरी जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकून उभी असे आणि तिच्यात कुणाच्या मनातलं काहीही नसे. सिलिंडर नोंदवणे, टाकी धुणे, साताऱ्याहून येणारं मसाल्याचं पार्सल, माझी प्रॅक्टिकलची वही, असला मजकूर. बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात नियोजन विभागात होते. कुठला सुटा भाग कुठल्या आठवड्यात कुठल्या वर्कशॉपला पोचला पाहिजे, हे कागदावर मांडण्यात त्यांचा दिवस जायचा आणि संध्याकाळी कारखान्याची बस अंबत्तूरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देऊन गेली की तोच माणूस घरात येऊन आमचं नियोजन करायचा. ‘डायरीत नाही ते घरात नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जेवताना ते उद्याचं पान मोठ्यानं वाचून दाखवत. पहिला भात संपेपर्यंत उद्याचा दिवस आमच्या पुढ्यात मांडून झालेला असे. आई ताकाचं भांडं सरकवत म्हणायची, “आता उद्या उजाडला नाही तरी चालेल, सगळं ठरलंय.”

लिहिण्याची पद्धतही ठरलेली होती. पानाच्या वरच्या भागात बाबा, निळ्या-काळ्या शाईनं. मधल्या भागात मी, बॉलपेननं. आणि तळाशी आई, पेन्सिलीनं. तिची पेन्सिल अंगठ्याएवढी उरलेली असे, डायरीच्या फितीला दोऱ्यानं बांधलेली. पेन्सिल का, असं मी लहानपणी एकदा विचारलं होतं. “माझं काय गं, इकडचं तिकडे चालतं,” ती म्हणाली होती. तेव्हा मला ते उत्तर पुरलं. दर रविवारी दुपारी बाबा आठवड्यात राहून गेलेली कामं पुढे ओढत. शाईतलं काम राहिलं की त्याच्यापुढे बाण काढायचा आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा लिहायचं. एकच काम तीनदा पुढे गेलं की त्याच्याभोवती लाल गोल. लाल गोल पडला की ज्याचं काम असेल त्यानं जेवताना सांगायचं, का राहिलं. मी नववीत असताना माझ्या दातांच्या डॉक्टरला लाल गोल पडला होता आणि मला आमटीच्या साक्षीनं कबूल करावं लागलं होतं की मी भिते. दुसऱ्याच दिवशी बाबा अर्धी रजा टाकून मला घेऊन गेले. आईच्या पेन्सिलीतल्या कामांना मात्र बाण नसे. ती खोडून पुढे लिहायची. त्यामुळे तिचं कुठलं काम किती वेळा पुढे गेलं हे पानावर कुठेच दिसत नसे, आणि त्यात काही चुकतंय असं आमच्या घरातल्या नियोजनतज्ज्ञाला कधी वाटलं नाही. पण तो तिचं तळातलंही वाचून दाखवायचा, एवढं मला त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

डायरीची खरेदी डिसेंबरात, पॅरीज नावाच्या जुन्या बाजारपेठेमागच्या कागदवाल्यांच्या गल्ल्यांत. कारखान्यात माल पुरवणारे लोक दरवर्षी डायऱ्या वाटायचे, पण बाबा त्या घ्यायचे नाहीत. ज्या डायरीवर दुसऱ्याचं नाव आहे तिच्यात आपला दिवस कसा लिहायचा, असं म्हणायचे. मग आम्ही दोघं अंबत्तूरहून गाडीनं सेंट्रलला उतरून चालत निघायचो. गल्लीत नव्या कागदाचा, सरसाचा आणि कुठल्या तरी हॉटेलातून येणाऱ्या कॉफीचा मिळून एक वास असे. बाबांची निवड म्हणजे दुकानदाराच्या सहनशक्तीची परीक्षा. दिवसाला एक पूर्ण पान हवं. बहुतेक डायऱ्यांत शनिवार-रविवारला एकाच पानात दाटीवाटीनं बसवलेलं असतं, तसली नको, “रविवार काय अर्धा असतो?” बांधणी शिवलेली हवी, म्हणजे टेबलावर सपाट उघडी राहते. मग खिशातून शाईचं पेन काढून शेवटच्या कोऱ्या पानावर एक आडवी रेघ मारायची, पान उलटून मागे शाई फुटली का बघायचं. आतल्या प्रत्येक पानावर राहुकाळ छापलेला असे, तो आम्हाला कधी लागला नाही, पण बाबा तोही तपासून बघत. “छापणाऱ्यानं काळजी घेतली की नाही ते तिथे कळतं,” म्हणत. मी आजही दुकानात वही घेताना नकळत पान उलटून बघते.

मी बारावीत जायच्या आधीच्या डिसेंबरात बाबा दुकानाच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, “यंदा तू निवड. पुढचं वर्ष तुझं आहे.” बारावीचं वर्ष म्हणून. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. आणि मी त्यांच्या सगळ्या नियमांना वळसा घालून काचेच्या कपाटातला एक प्लॅनर उचलला. साईच्या रंगाचा पुठ्ठा, बाजूला पितळी रंगाची स्प्रिंग, कागद गुळगुळीत. एका उघड्या जोडपानावर पूर्ण आठवडा. सात चौकोन, प्रत्येकाच्या कडेला सकाळी आठपासून रात्री आठपर्यंतचे तास बारीक अक्षरात छापलेले, आणि उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक चिंचोळी पट्टी, ‘नोट्स’साठी. आमच्या क्लासमधल्या हुशार मुलींकडे तसले प्लॅनर असत. बाबांनी पेन काढलं, शाईची रेघ ओढली. गुळगुळीत कागदावर ती वाळेना, बोट लागून पसरली. मी त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, “बॉलपेन वापरीन मी. घे.” मला वाटतं त्या दिवशी त्यांनी हट्ट केला असता तर बरं झालं असतं. पण हा दोष त्यांच्यावर टाकायला मी बसलेली नाही.

चौकोनात सहा ओळी मावत. बाबांच्या दोन, माझ्या चार. पानाला तळ उरलाच नव्हता, त्यामुळे आई पहिल्या आठवड्यात पेन्सिल हातात धरून जरा थांबली, मग उजवीकडच्या पट्टीत लिहू लागली. ‘ही बरी जागा आहे,’ म्हणाली. प्लॅनर मी निवडला म्हणून तो सांभाळायचं कामही माझ्याकडे आलं, जेवताना वाचून दाखवायचं आणि रविवारी कामं पुढे ओढायचं. मी चौकोन वाचायची, पट्टी नाही वाचायची. तिच्यात कढीपत्ता आणि इस्त्रीचे कपडे असायचे, ते काय वाचायचं. बाणांनी पानं घाण दिसतात म्हणून मी बाण बंद केले. लाल गोल बंद केला. माझ्या कंपासपेटीत पांढरा, मऊ, चांगल्यातला खोडरबर होता. त्यानं पेन्सिल अशी जायची की कागदाला पत्ता लागू नये.

जूनमध्ये वसाहतीच्या सभागृहात डोळे तपासणीचं शिबिर झालं. शेजारच्या कोमलामामी आईला ओढून घेऊन गेल्या. मामी तमिळ, आईचं तमिळ भाजीबाजारापुरतं, दोघींची भाषा हिंदी, इंग्रजी आणि हातवारे यांची मिळून होती, पण सोळा वर्षांत त्यांचं कशावाचून अडलं नव्हतं. आई परत आली ती एक चिठ्ठी घेऊन. जेवताना म्हणाली, “डोळ्यात दाब जास्त आहे म्हणे. इस्पितळात येऊन नीट तपासून घ्या म्हणालेत. मंगळवारी बघतात. थेंब घालतात तर घरी परतताना दिसत नाही नीट, कुणीतरी बरोबर लागतं.” बाबांचा मंगळवार म्हणजे कारखान्यातली आढावा बैठक, ती मोडता येत नसे. ते म्हणाले, “मंजूला घेऊन जा. डायरीत टाक.” आईनं हात पुसले, पेन्सिल घेतली आणि पुढच्या मंगळवारासमोर पट्टीत एकच शब्द लिहिला, ‘डोळे’. बाबांच्या दृष्टीनं विषय तिथे संपला. डायरीत पडलेलं काम होतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

माझ्या क्लासची चाचणी मंगळवारी असे. तिचे गुण भिंतीवर लागत. त्या रविवारी दुपारी मी ‘डोळे’ खोडलं आणि पुढच्या मंगळवारासमोर लिहिलं. माझं अक्षर आईसारखंच होतं, तिनंच पाटीवर गिरवून घेतलेलं, त्यामुळे पट्टीकडे बघून कुणाला काही वाटलं नसतं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा खोडलं. मग ते माझ्या हाताला सवयीचंच झालं. भेंडी, रवा, डोळे, ब्लाउज शिवायला टाकणे, सगळं एकाच ओढीनं खोडायचं आणि पुढच्या पानावर लिहायचं. विचार असा येतच नसे. कधी आला तर मी म्हणायची, पुढच्या मंगळवारी नक्की. आईनं एकदाही विचारलं नाही. सोमवारी संध्याकाळी ती प्लॅनर उघडून बघायची, आणि मंगळवारी सकाळी नेहमीपेक्षा लवकर अंघोळ करून, चांगलं पातळ नेसून स्वयंपाकघरात असायची. मी दप्तर घेऊन निघाले की “डब्यात लिंबाचं लोणचं आहे, सांडू नको,” म्हणायची. ते चांगलं पातळ कशासाठी असायचं हे मला तेव्हा कळायला हवं होतं. एक मंगळवार असा होता, दिवाळीनंतरचा, की मला शाळा नव्हती, क्लास नव्हता, काही नव्हतं. मी वेलचेरीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले. दोन गाड्या बदलून गेले, येताना शेअर रिक्षात गाणी म्हणत आले. त्या मंगळवाराचं मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं, इथेच लिहिते आहे.

आणि दिसत तर सगळं होतं. आईच्या डाव्या कमरेवर कायम एक निळा डाग असे, टेबलाचा कोपरा लागून. चहा ओतताना धार कपाच्या कडेवर पडायची. डावीकडून कुणी बोललं की ती दचकायची. आम्ही हसायचो. बाबा म्हणायचे, “तुझं ध्यान साताऱ्याला असतं.” मी म्हणायची, “आई, टेबल सोळा वर्षं तिथेच आहे.” ती पण हसायची. आई हसली की तिच्या गालावर एकच खळी पडायची, उजवीकडे. तिच्या आईलाही म्हातारपणी दिसत नव्हतं, ते आम्ही वयावर टाकलं होतं. आता मला स्वतःला सकाळ-संध्याकाळ थेंब घालावे लागतात, कारण हे रक्तातून येतं. चाळिशीच्या आत तपासून घेतलं म्हणून माझं निभावलं. थेंब घालून डोळे मिटून पडले की दोन मिनिटं दुसरं काही करता येत नाही, तेव्हा हेच सगळं आठवतं.

डिसेंबर आला. तमिळांचा मार्गळीचा महिना, पहाटे देवळाच्या कर्ण्यावरून गाणी, गल्लीत दारोदारी मोठमोठी कोलम, म्हणजे तिकडच्या ठिपक्यांच्या रांगोळ्या. आईनं मामींकडून ते शिकून घेतलं होतं आणि ठिपक्यांत तिचा हात चांगला बसला होता. त्या वर्षी एका सकाळी मामी आमच्या फाटकाशी उभ्या राहून खाली बघत होत्या. मी शाळेला निघाले होते. त्यांनी मला खुणेनं बोलावलं. आईच्या कोलमची उजवी बाजू पुरी होती आणि डावीकडचे ठिपके जोडायचे राहून गेले होते, निम्मं फूल उमललेलं आणि निम्मं नुसते ठिपके. मामी आपल्या डोळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “कण्णु. अम्मा का कण्णु. हॉस्पिटल गया?” मी म्हटलं, जाणार आहोत. त्या म्हणाल्या, “मैं बोली मैं ले जाती. तुम्हारा अम्मा बोली, नहीं, मंजू ले जाएगी. डायरी में है.” मी घड्याळ बघितलं आणि बस पकडली.

त्या वर्षाच्या शेवटच्या रविवारी बाबांनी तसलाच नवा प्लॅनर आणून दिला. निवडायला आम्ही गेलो नाही, माझी परीक्षा जवळ आली होती. मी घाईघाईत जुन्यातलं नव्यात उतरवलं, चौकोन सगळे उतरवले, पट्टी राहिली. मुद्दाम नाही राहिली. पट्टीकडे माझं लक्षच गेलं नाही. ‘डोळे’ जुन्या प्लॅनरच्या शेवटच्या पानावर तसंच राहिलं आणि नव्या वर्षात आलं नाही. जुना प्लॅनर बाबांच्या शिरस्त्याप्रमाणे कपाटावर गेला.

जानेवारीत आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू असे. अंबत्तूर आणि आसपासच्या मराठी बायका, कुणाचे यजमान रेल्वेत, कुणाचे बँकेत, कुणाचे कारखान्यात. तिळगूळ, मटार उसळ, मसाला दूध, आणि दिवसभर मराठी बोलायला मिळण्याचा आनंद. त्या वर्षी आईनं नलूकाकूंना बोलावलं होतं. नलूकाकूंचे यजमान बाबांच्याच विभागात होते, पावसाळ्यात अचानक गेले. नलूकाकू यायला तयार नव्हत्या. आई दोनदा त्यांच्या घरी जाऊन बसली होती. “तू ये. मी लावते कुंकू. बघू कोण काय म्हणतं ते,” असं तिनं त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं. त्या आल्या. करडी साडी, रिकामं कपाळ. सतरंजीच्या डाव्या टोकाला, भिंतीशी बसल्या. बायकांच्या नजरा त्यांच्यापर्यंत जाऊन परत येत होत्या. आई करंडा घेऊन उजवीकडून लावत लावत निघाली. मी मागे तिळगुळाचं ताट घेऊन. शेवटून दुसऱ्या बाईला कुंकू लावून झालं, आई वळली, आणि करंडा घेऊन सरळ स्वयंपाकघराकडे गेली. नलूकाकूंनी कपाळ थोडं पुढे केलं होतं. ते तसंच राहिलं. माझ्या हातात ताट होतं. मला वाटलं, आईनं ऐनवेळी विचार बदलला असेल, आता मी काही केलं तर तिची पंचाईत होईल. मीही वळले. नलूकाकू उठल्या, चपला घातल्या, आणि दार हळूच ओढून घेऊन गेल्या.

बायका गेल्यावर आई बाहेर येऊन म्हणाली, “नलू आलीच नाही शेवटी.” मी म्हटलं, “आई, आल्या होत्या. तू त्यांना गाळलंस.” तिला ते कळेचना. “कुठे बसली होती?” भिंतीशी, म्हटलं, तुझ्यासमोर. “मला नाही दिसली.” ती खाली बसली. बाबा आतल्या खोलीतून आले. त्यांनी खुर्ची ओढली, आईला बसवलं, आणि म्हणाले, “उजवा डोळा हातानं झाक. समोर बघ.” मग शर्टाच्या खिशातलं शाईचं पेन काढून तिच्या चेहऱ्यासमोर धरलं. “काय आहे?” आई म्हणाली, “हात काढू?” “नको काढू. काय दिसतंय?” ती म्हणाली, “दिवा लावा ना आधी.” दिवा लागलेलाच होता. बाबांनी पेन टेबलावर ठेवलं.

मग त्यांना आठवलं. “जूनमध्ये चिठ्ठी दिली होती. डायरीत टाक म्हटलं होतं मी.” त्यांनी नवा प्लॅनर चाळला, मग स्टूल घेऊन कपाटावरचा जुना काढला. जून, जुलै, ऑगस्ट, पट्ट्यांत ‘डोळे’ कुठेच नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. पानं उलटण्याचा आवाज येत राहिला. शेवटच्या पानावर त्यांना तो शब्द सापडला. “हे तुझंच अक्षर ना?” त्यांनी आईला विचारलं. तिनं पान जवळ धरलं, उजव्या डोळ्यानं बघितलं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता ती माझं नाव घेईल. मी तोंड उघडणार होते, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले, पण ते खरं नाही. मी उघडणार नव्हते. “हो,” आई म्हणाली. “माझंच.” बाबा म्हणाले, “जूनची चिठ्ठी आणि डिसेंबरात लिहितेस? सहा महिने काय करत होतीस?” आवाज चढवणारा माणूस नव्हता तो, त्या दिवशी चढला. आई म्हणाली, “राहिलं माझ्याकडून.”

दुसऱ्या दिवशी इस्पितळात जायच्या आधी ती मला घेऊन नलूकाकूंकडे गेली. पिशवीत करंडा होता. नलूकाकूंनी दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. आई म्हणाली, “नलू, मला तू दिसली नाहीस गं. एका डोळ्यानं आंधळी झालेय मी, मला कालच कळलं.” तिनं हात पुढे करून त्यांचं कपाळ आधी बोटांनी चाचपलं आणि मग मधोमध कुंकू लावलं. नलूकाकू रडल्या, आई नाही रडली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्याची आशा सोडायला सांगितली. काचबिंदू, म्हणाल्या, दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उजव्यातली आहे तेवढी राखू. बाबांनी विचारलं, सहा महिने आधी आलो असतो तर? त्या म्हणाल्या, “आणखी राहिलं असतं. किती, ते मला नाही सांगता येणार.” बाबांनी ते वाक्य घरी येऊन प्लॅनरच्या चौकोनात लिहून ठेवलं. तेवढी एकच मनातली गोष्ट आमच्या डायरीत आहे.

उजवा डोळाही पुढे दहा-बारा वर्षांत हळूहळू गेला. बाबांनी दिवसाला एक पानवाली डायरी पुन्हा सुरू केली आणि आईच्या थेंबांच्या वेळा सगळ्यांत वर शाईनं लिहिल्या, एक वेळ चुकू दिली नाही. प्रेमानं केलं सगळं. पण कधीतरी एखाद्या पाहुण्याजवळ म्हणायचे, “हिनं स्वतःच्या डोळ्यांची हेळसांड केली हो.” आई तिथेच बसलेली असायची. मीही तिथेच बसलेली असायची. ते गेले तेही हेच धरून गेले. मी सांगितलं नाही. आधी परीक्षा, मग नोकरी, मग लग्न, मग त्यांचं दुखणं. माझा प्रत्येक मंगळवार पुढे जात राहिला.

त्यांच्या वर्षश्राद्धानंतर आई माझ्याकडे राहायला आली. मी आता डायरी तिच्यासाठी घेते, दिवसाला एक पान, आणि संध्याकाळी तिला उद्याचं वाचून दाखवते. तिचं सगळं शाईनं लिहिते. गेल्या डिसेंबरात नवी डायरी टेबलावर ठेवली, तिनं बांधणीवरून हात फिरवला, सपाट उघडते का ते बघितलं, पान बोटांत धरून त्याची जाडी बघितली. “ह्यांना आवडली असती,” म्हणाली. आणि मला राहवेना. मी सांगितलं. पहिल्या रविवारपासून सगळं. वेलचेरीचं मात्र तेवढं सांगवलं नाही. बोलून झाल्यावर मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि ती माझ्याकडे नाही, जरा बाजूला, माझा आवाज जिथून येतोय असं तिला वाटलं तिकडे.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “रविवारी टेबल कोण पुसत होतं? खोडरबराचा चुरा पडलेला असायचा सगळा. आधी वाटलं, चित्रं काढते पोर.”

मी म्हटलं, “मग बोलली का नाहीस?”

“तुझी परीक्षा होती.” तिचा तळहात टेबलावर सावकाश फिरत होता, कडेपर्यंत जाऊन परत येत होता. “आणि खोडायचीस तशी परत लिहायचीस पण. मी सोमवारी बघायची. वाटायचं, लिहितेय ना दर खेपेला, म्हणजे नेणार आहे.”

मी डायरी मिटून बाजूला ठेवली.

“त्या वर्षाच्या शेवटच्या रविवारी चुरा नव्हता,” ती म्हणाली. “टेबल स्वच्छ होतं. मी दोनदा हात फिरवून बघितला.”